जुन्या गाडीचं वायरिंग

हॉर्न अडकला तो नेमका चौकात, भर सकाळी. हात काढला तरी गाडी आपली बोंबलतेच आहे! आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या, कुत्री भुंकायला लागली... आणि पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवणारी ती, स्टिअरिंगवर नुसत्या बुक्क्या मारत राहिली.

काचेवर टकटक झाली. ओल्या केसांचा एक तरुण, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"बॉनेट उघडा!"

"काय?"

त्यानं सफरचंद दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी खूण केली. तिनं खटका ओढला. पुढच्याच क्षणी सगळं शांत.

"बॅटरीची वायर काढलीय," तो म्हणाला. "पण आतलं वायरिंग... केलंय कुणी हे?"

"काकानं. गाडी त्याचीच होती."

"काय करायचे काका?"

"दात काढायचे. म्हणजे — लोकांचे!"

तो इतकं मोकळं हसला, की तिचा राग कुठल्या कुठे गेला. कोपऱ्यावरचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान त्याचंच निघालं. दोघांनी मिळून गाडी तिथवर ढकलली.

गाडीत झोपायची, स्वयंपाकाची सगळी सोय होती, पण दिवे मनात येईल तेव्हा लागायचे. आणि तिला बाबांना समुद्रावर न्यायचं होतं. आई गेल्यापासून ते गावाबाहेर पडले नव्हते. झोपताना त्यांना श्वासाचं मशीन लावावं लागे.

"ते रात्रभर चालायला हवं," ती म्हणाली. "मध्येच बंद पडून चालणार नाही."

त्याचं हसू मावळलं. "मग ठिगळं नकोत. सगळं नव्यानं करू."

रोज संध्याकाळी तलावावरून ती थेट दुकानात यायची. हात लावताच जुन्या वायरींचं आवरण भुगा होऊन पडत होतं. पलंगाखाली त्यानं नवी बॅटरी बसवली, तिच्या तोंडाशीच फ्यूज दिला, टपावर सोलर पॅनल लावलं. पण ती भाळली ती कपाटामागच्या कामावर. विंचरलेल्या केसांसारख्या सरळ वायरी, जागच्या जागी बांधलेल्या.

"इथं कोण बघणार आहे?"

"पुढं कुणी उघडलंच, तर त्यानं मला शिव्या घालू नयेत." तो वाकला. "टॉर्च वायरवर धरा... माझ्या तोंडावर नको."

"चुकून गेला."

"परत?"

"मग काय... सारखी वायरच बघायची?"

त्याच्या हातून स्क्रू पडला. शोधायला खाली वाकला, तर कान लालबुंद!

काम संपलं त्या दुपारी बाबांनी मास्क लावला आणि गाडीतच ताणून दिली. मशीन हलकेच सुस्कारत होतं. ती दोघं दाराच्या पायरीवर बसली, खांद्याला खांदा लागेल न लागेल अशी. बॅटरीच्या मीटरचा आकडा जेमतेम हलला होता.

"सकाळपर्यंत आरामात चालेल," तो हळूच म्हणाला. "उद्या निघू शकता."

"बरं."

स्वच्छ असलेला स्क्रूड्रायव्हर तो पुन्हा पुसत बसला.

"समुद्र बघितलाय तुम्ही?" तिनं विचारलं.

"लहानपणी. आईच्या कडेवर... आठवत नाही फारसा."

चला ना मग — ओठांवर आलं होतं. पण ती पायरीवरची धूळ झटकत राहिली.

"बॅटरी संपली का गं?" आतून बाबा.

"नाही, बाबा. झोपा तुम्ही."

"कसला झोपतोय! तुम्ही दोघं एकदम गप्प झालात, त्यानंच जाग आली."

दुसऱ्या दिवशी ती निघाली. आरशात तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, आणि वळणावर चुकीचा गिअर टाकून बाबांची बोलणी खाल्ली.

समुद्रावरच्या पहिल्या सकाळी तिनं फोन लावला. धुकं विरत होतं, वाळू गार होती.

"काय बंद पडलं?" त्याचा आवाज घाबराघुबरा.

"काही नाही. बाबा रात्रभर गाढ झोपले. आता पाण्यात उभे आहेत, पँट वर करून. रडतायत बहुतेक... मला म्हणतात, वारा लागतोय."

तिकडे पक्कड खाली ठेवल्याचा आवाज. मग — "फ्यूज गरम वगैरे?"

"नाही."

"दिवे?"

"छान लागतायत."

"मग... फोन?"

लाट पावलांवर येऊन फुटली. तिनं श्वास घेतला, उडी मारायच्या आधी घ्यावा तसा.

"सगळं नीट आहे, म्हणूनच केलाय. इतका जीव लावून काम करणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि मला... नुसतं काम नाही आवडलेलं. ऐकतोयस ना?"

'तू' कधी निसटला, तिचं तिलाच कळलं नाही.

"ऐकतोय," तो म्हणाला. "तू... तिथंच थांबणार आहेस ना?"

"हो. का?"

फोनमधून फक्त दुकानाचं शटर खाली ओढल्याचा खडखडाट ऐकू आला.