मोहदरीतले चार सेकंद

त्या वार्तापटात मी चार सेकंद दिसतो.

१९६२ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीचा तो वार्तापट. मुंबईहून आलेल्या कॅमेरामनला आडवळणाच्या गावातले मतदान हवे होते, म्हणून त्याला पांढरकवडा आणि घाटंजी यांच्या मधल्या मोहदरीला नेले. नागपूरच्या एका दैनिकाचा यवतमाळचा वार्ताहर म्हणून मीही त्याच जीपमध्ये होतो. पडद्यावर डावीकडे कडुनिंब, उजवीकडे शाळेच्या पायऱ्या, मधून पुरुषांची रांग, आणि निंबाखाली चष्मा लावून वहीत टिपणे घेणारा मी. "साहेब, लिहीत राहा, इकडे पाहू नका," असे कॅमेरामन ओरडला होता. मी लिहीत राहिलो. खरे तर नुसत्या रेघा ओढत होतो.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी अकरा ओळींत आली. मतदान शांततेत पार पडले होते. वर नेहमीप्रमाणे 'आमच्या यवतमाळच्या वार्ताहराकडून' एवढेच. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझे नाव एकदाही छापून आले नव्हते, आणि आमच्या धंद्यात त्याचे कोणी वाईट वाटून घेत नाही.

यवतमाळला कापसाच्या जिनिंगच्या मागे माझी एक खोली होती. बातम्यांचे पाकीट दुपारच्या एसटीने नागपूरला जाई. एकदा ते कंडक्टरच्या हातात दिले, की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी कोणाला काही काम नसे.

१९६४ च्या जानेवारीत एका सकाळी त्या खोलीच्या दारात दोघे येऊन उभे राहिले. पुरुष चाळिशीचा, खांद्यावर दुपट्टा. मागे एक बाई, हिरव्या लुगड्यातली, पदर घट्ट धरलेली.

"मी उकंडा. हे माही बहीण, पंचफुला, मोहदरीची," तो म्हणाला. "हिचा मालक, डोमाजी, वोटिंगच्या दिवशी गेला तो गेलाच. दोन सालं होऊन राह्यले. महागावकडचा एक चांगला माणूस हिच्यासंगं पाट लावाले तयार हाय. पण हे म्हणते, माहा माणूस जित्ता हाय. काहून? तर म्हणे, सिनेमात दिसते!"

"दिसते," ती म्हणाली.

"सिनेमात राजा बी दिसते, हत्ती बी दिसते. ते काय घरी येते?"

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. "सिनेमाची जीप आली की आमच्या गावची रीळ लावते जी. शाळेपाशी, निंबाखाली उभा राह्यते तो. बोट वर करून."

"निंबाखाली मी आहे, बाई," मी म्हणालो.

तिने माझा चेहरा बराच वेळ निरखला. "नाही जी. तुमाले त्यात मी कधीच पाह्यलं नाही."

उकंडा हसला, पण लगेच थांबला. हट्टाला कंटाळलेला माणूस होता तो, दुष्ट नव्हता. शेवटी त्यांचे असे ठरले की येत्या मंगळवारी मोहदरीत जीप येईल तेव्हा मी स्वतः पाहायचे. मी त्या दिवशी तिथे होतो आणि पेपरवाला होतो, म्हणजे खोटे बोलणार नाही.

"तुम्ही नाही म्हनलं तर माघात पाटाले उभी राह्यतो," पंचफुला म्हणाली. "मंग त्याचं नाव नाही काढणार."

जाताना दारात ती थांबली. "त्या दिवशी मी बायांच्या रांगेत होती. तो वोट देऊन बाहेर आला अन् म्हणे, तू घरी हो, मी आलोच."

ते गेल्यावर मी ट्रंकेतून १९६२ ची वही काढली. मी वह्या तारखेने लावून ठेवतो. मोहदरीचे पान सापडले. 'सकाळी ८.४०. मतदाराचे मनोगत. नाव : डो', आणि तिथून पुढे पानभर नुसत्या रेघा.

तेव्हा आठवले. बोटावरची शाई वाळवत एक माणूस पायऱ्या उतरला होता. बातमीत एखाद्या मतदाराचे नाव असावे म्हणून मी त्याला अडवले, "थांबा जरा, नाव लिहून घेतो," म्हणालो, आणि पहिले अक्षर लिहीत असतानाच कॅमेरामन ओरडला. पुढे जीप निघाली. त्या माणसाला मी जा म्हणालो नव्हतो.

वही मी पुन्हा ट्रंकेत ठेवली. ते पान मी कोणालाही दाखवले नाही.

प्रसिद्धी खात्याच्या जीपवर हरिसिंग होता. गाडी तोच हाके, मशीनही तोच चालवी. मंगळवारी दिवस मावळताच त्याने शाळेपुढच्या मैदानात दोन बांबू रोवले आणि पडदा ताणला. आमच्या भागात पुरुष पडद्यापुढे बसत, बायका पडद्यामागे. कापड पातळ असल्याने चित्र मागूनही स्वच्छ दिसे, फक्त उलटे. डावरा माणूस उजवा होई, अक्षरे पालथी होत. पण वाचणाऱ्या बायका नव्हत्याच, तेव्हा तक्रारही नव्हती.

मी पुरुषांत बसलो. निंब, पायऱ्या, रांग, आणि मी. शेजारचे दोघे माझ्याकडे पाहून हसले.

"पुन्हा लावा," मी हरिसिंगला म्हणालो.

"सोताले पाहून पोट भरलं नाही का, साहेब?"

त्याने रीळ गुंडाळायला घेतली. मी उठून पडद्याला वळसा घातला.

मागच्या बाजूला थंडी जास्त वाटली. पोत्यांवर तीसेक बायका दाटीने बसल्या होत्या. तुराट्यांचा धूर होता, कोणाचे तरी मूल खोकत होते. मला पाहून त्यांनी पदर सावरले आणि कडेला जागा केली. पंचफुला सगळ्यांत पुढे होती.

चित्र सुरू झाले. निंब आता उजवीकडे. पायऱ्या डावीकडे. रांग उलट्या दिशेने सरकत होती.

निंबाखाली एक माणूस उभा होता. त्याला चष्मा नव्हता. हातात वही नव्हती. धोतर गुडघ्याच्या जरा खाली, सदऱ्याचे वरचे बटण तुटलेले. शाईचे बोट त्याने वाळवायला वर धरले होते. तो कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. शेजारी कोणी बोलत असावे आणि त्याचे ऐकायचे असावे, तसा तो बाजूला पाहत होता.

मी मनात मोजले. चार सेकंद.

बायका दोन वर्षे हेच पाहत आल्या होत्या.

रात्र मी शाळेतच काढली. सकाळी ऊन आल्यावर हरिसिंगला ओट्यावर रीळ उघडायला लावली. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे चार सेकंदांची शहाण्णव. फिल्मची एक बाजू मंद असते, एक चकचकीत. मंद बाजू माझ्याकडे धरून, सूर्यासमोर, भिंगातून पाहिले. मी होतो. चष्मा, वही, पेन्सिल.

फिल्म पालथी केली.

तो होता.

मी ती पुन्हा फिरवली. पुन्हा पालथी केली. मग भिंग हरिसिंगच्या हातात दिले. त्याने दोन्ही बाजूंनी पाहिले, भिंग परत दिले आणि रीळ डब्यात घालून झाकण दाबून बसवले.

"साहेब, मी डायवर माणूस," तो म्हणाला. "मी फक्त लावतो."

पायऱ्यांखाली पंचफुला आणि उकंडा उभे होते. ती किती वेळची तिथे होती, कोण जाणे.

"दिसतो," मी म्हणालो.

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. उकंडाने डोक्यावरचा दुपट्टा काढून झटकला. "लिहून द्या मंग," तो म्हणाला. "महागाववाल्याले दाखवाले कागद लागते. तोंडी कोण मानते?"

मी वही काढली. तिला त्याचे पूर्ण नाव विचारले. 'डोमाजी नागोराव भगत, राहणार मोहदरी, यास मी शाळेजवळच्या निंबाखाली उभे असलेले पाहिले.' खाली वेळ टाकायची माझी सवय. घड्याळात आठ चाळीस झाले होते.

ही बातमी मी नागपूरला पाठवली नाही. डोळ्यांनी पाहिलेले न पाठवण्याची ती माझी पहिलीच वेळ.

पाचव्या दिवशी उकंडा एकटाच आला. त्याच्या ओठांना कोरड पडली होती. मी गडव्यात पाणी दिले.

"डोमाजी आला," तो म्हणाला.

"कधी?"

"काल सकाळी. शाळेकडून चालत आला. म्हणे, पंचफुले, भाकर वाढ, लय उशीर झाला. दोन सालं झाले म्हनलं, तर हसते. म्हणे, चाल, येडे! आन् साहेब..." त्याने आपले बोट पुढे केले आणि पुन्हा मुठीत घेतले. "शाई वली हाय. पाण्याच्या गडव्याले लागली."

"इतके दिवस कुठे होता?"

"तेच तर! म्हणे, एका चष्मेवाल्या बाबूनं थांब म्हनलं, थांबलो. मंग ते बाबू काही बोललेच नाही." उकंडाने गडवा खाली ठेवला. "कोण असंल जी तो?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

फेब्रुवारीच्या शेवटी जीप पुन्हा मोहदरीला जाणार असल्याचे हरिसिंगकडून कळले. त्याने बोलावले नव्हते. मीच गेलो.

सांज होत होती. पंचफुलाने शाळेच्या पायरीवर मला गुळाचा चहा आणून दिला. डोमाजी पोरांत बसून मोठमोठ्याने हसत होता. "भाऊ," ती म्हणाली, "सगळ्याइले सांगतो मी, पेपरवाल्या भाऊनं आणला. नाव विचारते लोकं. तुमचं नाव काय जी?"

मी सांगायला तोंड उघडले तेवढ्यात हरिसिंगने जनरेटर सुरू केला. तिने कानाला हात लावून नाही ऐकू आले अशी खूण केली, आणि हसून मान हलवत निघून गेली.

त्या दिवशी बायका पडद्यामागे बसल्या नाहीत. डोमाजी आल्यापासून तिकडे जायला कोणी तयार नव्हते. सगळे गाव पुढे दाटले होते.

रीळ लागली. निंब, पायऱ्या, रांग. निंबाखाली कोणीच नव्हते.

"मी कुठी हाय?" डोमाजी ओरडला आणि लोक हसले.

मला कोणी शोधले नाही.

हरिसिंग रीळ गुंडाळीत होता. मी त्याला पुन्हा लावायला सांगितले आणि पडद्याला वळसा घातला. तिथे मोकळी जमीन होती, आणि एक विसरलेले पोते.

निंब उजवीकडे. पायऱ्या डावीकडे.

मी होतो.

वही नव्हती. पेन्सिलही नव्हती. हात मोकळे सोडलेले. शेजारी कोणी बोलत असावे तसा बाजूला पाहत होतो. शेवटच्या सेकंदाला मान वळली. पडद्यातून मी त्या पोत्याकडे पाहिले, जिथे बायका बसायच्या.

प्रकाश गेला. पलीकडे लोक उठू लागले, बोलू लागले, पांगू लागले. मी पुढे जायला निघालो, तेव्हा कापडाच्या त्या बाजूने हरिसिंगचा आवाज आला.

"थांबा जरा साहेब. मशीन थंडी होऊ द्या, मंग सोडतो तुमाले यवतमाळले."

मी थांबलो.

त्याने पडदा सोडला, गुंडाळला. त्याची नजर माझ्या आरपार पलीकडे गेली, आणि कोणाला तरी हाक मारायची असावी तसा घुटमळला. नाव त्याला आठवले नसावे. मग तो वळला. डबे ठेवल्याचा आवाज झाला, जीप सुरू झाली, आणि तिचा मागचा लाल दिवा घाटंजीच्या वाटेने लहान होत गेला.

दोन बांबू तेवढे उभे होते. त्यांच्यामागे मी.