दोन्हीकडे चालू

काम तसं साधंच होतं. घरातल्या गप्पांसाठी हर्षाच्या मोठ्या भावानं, अंकुशनं, बेसा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला होता. तो आता लॅपटॉपवर न्यायचा. कॉम्प्युटरच्या विंडोजवर बटण दाबून थांबवायचा, लॅपटॉपच्या लिनक्सवर एक ओळ टाइप करून सुरू करायचा. अंकुशनं तेव्हाच बजावलं होतं, "पहिले इकडं बंद कर, मंगच तिकडं चालू. दोन्हीकडं एकसाथ नको करू वं."

पण बंद करायचा कसा? अंकुश सावनेर रोडवर अपघातात गेला, तेव्हापासून त्यांची आई, सिंधूताई, पलंगाला खिळली होती, त्याच प्रोग्राममधले त्याचे जुने मेसेज मोबाइलवर वाचत. एकदा लाइट गेली, प्रोग्राम थांबला आणि आईचा श्वासही थांबला. प्रोग्राम पुन्हा सुरू केला तेव्हा कुठे आईची छाती हलली. योगायोग, असं हर्षानं मनाला समजावलं. दुसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा समजावणं सोडलं.

आज मेच्या भर दुपारी कॉम्प्युटर घरघरत होता, जळक्या वायरचा वास सुटला होता. हा संध्याकाळ काढणार नाही, हे तिला कळून चुकलं. थांबवायला जावं, तर पलंगावरचा श्वास अडखळायचा.

"दादा, माफ कर मले," ती पुटपुटली. आणि पहिला तसाच ठेवून तिनं लॅपटॉपवर दुसरा सुरू केला.

पलंग करकरला.

"हर्षा… पाणी दे वं."

आई उठून बसली होती! कूससुद्धा न बदलणारी आई! हर्षाला रडू आवरेना. आईनं ग्लास घटाघटा रिकामा केला.

"आता ते जुनं बंद कर. लय आवाज करून राहिलं."

डोळे पुसत हर्षा कॉम्प्युटरपाशी गेली. स्क्रीनवर मेसेज होता, आईच्या नावानं. आईचा मोबाइल तर स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

'हर्षा, बंद नको करू. मी इथंच आहो. पलंगावर कोण उठून बसलं?'

"आई…?" हाक कुणाला मारली, तिचं तिलाच कळेना. कॉम्प्युटरचा पंखा अडखळला, पुन्हा कसाबसा फिरला. खाली दुसरी ओळ उमटली.

'तिले पाणी तं नाही ना देलं? पाणी पेलं, का मंग ते जात नाही.'

मागे पलंग पुन्हा करकरला. रिकामा ग्लास तिच्या खांद्यावरून हळूच पुढे आला.

"अजून दे वं…"