अर्थिंग

पनवेलच्या टपाल नाक्याजवळच्या एका गल्लीत कुंदनचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. ऑक्टोबरातली दुपार होती. मनिषा, त्याची बायको, आत चहा टाकत होती. तेवढ्यात एक म्हातारी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट छातीशी धरून आली आणि तिने तो काउंटरवर ठेवला.

"यात पावर सप्लाय बसवायचाय," ती म्हणाली. "सेफ पायजे. समजावून सांग."

असं विचारणारं गिऱ्हाईक कुंदनला आवडायचं. तो खुलला. "मावशी, आधी आतल्या वस्तूंना किती वॅट लागतात त्याची बेरीज करायची. सप्लाय त्याहून जास्त ताकदीचा घ्यायचा."

"हे तुला पयल्यापासून ठाव हाय?"

"धंदाच आहे ना माझा!" त्याने दोन सप्लाय काढून तिच्या दोन हातांत दिले. "हा जड लागतो? म्हणजे आत माल आहे. हलका घ्यायचाच नाही, वर पाचशे वॅट छापलेलं असलं तरी."

"हे पन ठाव होतं?"

"हो. आणि मुख्य म्हणजे अर्थिंग. करंट बॉडीत उतरला तर तो जमिनीत जायला हवा. हलक्या मालात ती वायर कधीकधी आत जोडलेलीच नसते."

"ठाव होतं," म्हातारी म्हणाली. या वेळी तिने विचारलं नव्हतं.

तिने चादर सोडली. कॅबिनेटवर कुंदनच्याच दुकानाचा स्टिकर होता.

जूनमध्ये ओवे गावातल्या पूर्वी नावाच्या मुलीला त्याने हा कॉम्प्युटर जोडून दिला होता. लग्नपत्रिका डिझाईन करायची ती. आत हलका सप्लाय बसवला होता आणि त्यावरचं पाचशेचं लेबल त्याने स्वतः चिकटवलं होतं. आठवड्याभरात ती गेल्याचं कानावर आलं. हात कॅबिनेटला चिकटलेला सापडला म्हणे. तो कुणाकडे काही बोलला नव्हता.

"मी हौसा. तिची आई," म्हातारी म्हणाली. "भांडायला नाय आली. चांगला बसव."

कुंदनने कसेबसे स्क्रू सोडवले, बाजूचा पत्रा काढला. जुना सप्लाय कुणीतरी आधीच काढून टाकला होता. त्याची जागा रिकामी होती.

आतला पंखा मात्र फिरत होता.

सावकाश, आवाज न करता. कुंदनने मागून, खालून हात न लावता पाहिलं. एकही वायर बाहेर आलेली नव्हती. त्याने टेस्टर पत्र्याला टेकवला. दिवा लाल पेटला.

"मावशी, याला वायरच नाही."

"तिला आता वायर लागत नाय. हात लाव."

"नको."

"तिनं लावला होता. लाव."

का लावला, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. शॉक बसला नाही. पंखा तेवढा थांबला.

हौसाने पत्रा लावला, चादर बांधली आणि येताना दोन्ही हातांनी आणलेलं ते धूड एका हाताने उचललं.

"हलका झाला," ती म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

मनिषा चहा घेऊन आली. कप देताना बोटांना बोटं लागली आणि ती किंचाळून मागे पडली. तिची बोटं टोकाला काळी पडली होती.

कुंदनने टेस्टर स्वतःच्या मनगटाला टेकवला.

दिवा पेटला.

डॉक्टर झाले, इलेक्ट्रिशियन झाले. करंजाड्याच्या एका मोकळ्या प्लॉटवर तो तासभर ओल्या मातीत अनवाणी उभा राहिला. उतरलं नाही. दुकान बंद झालं. आता तो मागच्या खोलीत लाकडी पलंगावर बसून असतो. मनिषा लाटण्याने ताट आत ढकलते. त्यांच्या सहा वर्षांच्या रेवाला उंबरा ओलांडायची बंदी आहे आणि तिच्या पायांत दिवसभर रबरी चपला असतात.

काल दुपारी मनिषा गच्चीत कपडे वाळत घालत होती. रेवा उंबऱ्याशी येऊन, मान वाकडी करून उभी राहिली.

"बाबा, तुमच्यात कोण गुणगुणतंय?"

"कुणी नाही. जा तू."

"आहे. एक ताई आहे."

कुंदन भिंतीपर्यंत मागे सरकला. त्याने मनिषाला हाक मारली, ती गच्चीपर्यंत पोचली नाही. रेवा थोडा वेळ ऐकत राहिली. मग गोड हसली.

"ती म्हणते, चपला काढून ये."