अप्पांसाठी शेवाळाच्या शेवया

गिरीराज त्या खोलीत चुकून शिरला. त्याला हवा होता रिपोर्टांचा काउंटर. दार उघडलं ते प्रांजलीच्या शनिवारच्या वर्गाचं. बेंगळुरात हेब्बाळच्या एका मधुमेह क्लिनिकमध्ये ती आहारतज्ज्ञ होती आणि शनिवारी रुग्णांना साखर न वाढवणारे पदार्थ करून दाखवायची. त्या दिवशी पास्ता होता. म्हणजे पास्ता नव्हताच. समुद्री शेवाळापासून केलेल्या नूडल्स होत्या, पारदर्शक, मासे पकडायच्या दोऱ्यासारख्या, आणि समोरचे काका-काकू त्यांच्याकडे चोर बघावा तसे बघत होते.

"दार लावा, आत या आणि ही चाळणी धरा," प्रांजली मान वर न करता म्हणाली. मदतनीस बाई आली नव्हती, आणि रिकामा माणूस दिसला की त्याला कामाला जुंपायचं ही तिची खोड. वर्ग हिंदी-इंग्रजीत आणि तिच्या मोडक्या कन्नडमध्ये चालायचा. हे वाक्य मात्र घाईघाईत मराठीत निघालं.

त्याने निमूट चाळणी धरली. मग मराठीतच विचारलं, "किती वेळ शिजवायच्या ह्या?"

"शिजवायच्या नाहीत. उकळत ठेवल्या तरी करकरीतच राहतात. कोमट पाण्यात खायचा सोडा, लिंबाचा रस — आणि वाट बघायची."

"वाट बघायला येतंय की मला."

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. उंच, सावळा, बाहीवर पावसाचे थेंब, आणि चाळणी अशी धरलेली की जणू आत तान्हं मूल आहे.

"तुम्ही मराठी?"

"मराठीच की. तुमची बोली पुण्याची दिसते. आमचे पूर्वज बेंगळुरात आले तेव्हा पुण्यात तुमचं घर होतं काय, विचारून बघा."

"पुण्यात आम्हाला कुणी विचारत नाही. आम्हीच विचारतो."

टोमॅटोच्या सॉसमध्ये घोळवलेल्या त्या नूडल्स सगळ्यांनी चाखल्या, त्यानेही. कशा लागल्या म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, "खरं सांगू? रबरबँडला टोमॅटो लावल्यासारखं. स्वल्प मीठ घातलंत तर रबरबँड छान होईल."

काका-काकू हसले. प्रांजलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण घरी जाऊन तिने पुन्हा एक घास खाल्ला आणि मीठ कमी होतं हे तिला मान्य करावं लागलं.

तो आला होता वडिलांचे रिपोर्ट न्यायला. विठोजी अप्पा तिचेच रुग्ण. तिने लिहून दिलेला आहार त्यांनी बाजूला सारला होता. सकाळी उठून लिंबाची फोडणी घातलेलं शाविगे खायचं, एवढाच त्यांचा धर्म. तांदळाची उकड साच्यातून दाबून केलेल्या त्या शेवया पूर्वी घरी व्हायच्या. गिरीराजची आई, सोयराबाई, गेली तसे अप्पा कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन खायला लागले. वर डॉक्टरांनाच सांगत होते, औषध वाढवा, शाविगे सुटायचं नाही.

"मग ह्या नूडल्सचंच शाविगे करून घालू या त्यांना," प्रांजली म्हणाली. "थायरॉईडचा त्रास आहे त्यांना? असेल तर हे फार खाऊन चालायचं नाही, शेवाळात आयोडीन असतं."

"नाही. फक्त हट्टाचा त्रास आहे."

असा तो पुढच्या शनिवारीही आला. मेट्रोच्या सिग्नलचं काम बघणारा इंजिनीअर, शनिवारी सुट्टी. वर्ग संपला की दोघं क्लिनिकच्या चिमूटभर स्वयंपाकघरात प्रयोग करायचे. एकदा सोडा जास्त झाला आणि नूडल्सची खळ झाली. एकदा लिंबू चढलं. चण्याची डाळ, कढीपत्ता, हिंग, वरून ओलं खोबरं… आणि लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद करून, हे त्याने शिकवलं. धीर धरून भिजवायचं, मध्ये-मध्ये ढवळायचं नाही, हे तिने. एका शनिवारी तो सहज म्हणून गेला, "हळद स्वल्प घाल." तुम्हीचं तू झालं. दोघांनाही ते ऐकू आलं आणि दोघांनीही फोडणीकडे बघितलं.

प्रांजली काही हुरळून जाणाऱ्यातली नव्हती. कोरमंगलातलं दोन खोल्यांचं घर, स्वतःचा पगार, रविवारी पुण्याला आईशी फोन. आयुष्य तिने नीट बसवून घेतलं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी ती लिंबं निवडायला लागली. भाजीवाल्यासमोर उभी राहून एकेक दाबून, वास घेऊन. आजवर मूठभर उचलून पिशवीत टाकणारी बाई! हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. प्रेमात पडलोय हे कळण्याची काही बरी जागा असते, असं तिला वाटत आलं होतं.

त्याच सुमारास तो एकदा खोबरं खवताना म्हणाला, "येत्या रविवारी तुमकूरला जायचंय. मुलगी बघायला. अप्पांनी ठरवलंय."

"छान," ती म्हणाली. "काय करते?"

"बँकेत आहे."

"छान."

तो थांबला. खवणीवरचा हातही थांबला. तिने काहीतरी बोलावं, निदान 'जाऊ नकोस' एवढं तरी… पण ती ओट्यावरचं पाणी पुसत राहिली. तो गेला तर हे शनिवार संपणार, एवढं तिला लख्ख कळत होतं, आणि ते तोंडातून काढायचं कसं ते कळत नव्हतं.

"शुक्रवारी घरी येशील?" शेवटी तोच बोलला. "अप्पांना तूच करून वाढ. माझ्या हातचं ते तोंडात घ्यायचे नाहीत."

रुग्णाच्या घरी जाऊन आहार समजावणं हे कामच आहे, असं स्वतःला बजावून ती के. आर. पुरमला गेली. मग त्या कामासाठी तिने मोरपंखी कुर्ता का घातला होता, ते विचारू नये.

विठोजी अप्पा पाटावर ताठ बसले होते. पांढऱ्या मिशा, कपाळाला भंडारा, चेहरा असा की पोलीस चौकशीला आलेत. प्रांजलीने वाढलं. त्यांनी बोटांनी चाचपलं, एक घास घेतला, डोळे मिटले. मग त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा, आणि बघता बघता ताट स्वच्छ केलं.

तिचा जीव भांड्यात पडला. "अजून घ्या ना, अप्पा," ती डाव पुढे करत म्हणाली. "ह्यानं साखर उसळत नाही."

अप्पांनी ताटावर हात आडवा धरला.

"बाळ, तू काय वाढतेस ते तुला ठाऊक आहे काय?"

"शेवाळाच्या नूडल्स."

"तसं नव्हे." त्यांनी मुलाकडे एक नजर टाकली. गिरीराज पंख्याकडे बघत होता. "आमच्या घराण्यात एक रीत आहे. दुसऱ्यांचं मला ठाऊक नाही. लग्नाची मुलगी मुलाच्या बापाला आपल्या हातानं शाविगे वाढते. पहिलं वाढणं पाहुणचाराचं. दुसरं तिनं वाढलं आणि बापानं घेतलं, म्हणजे दोन्हीकडून ठरलं. ह्याच्या आईनं माझ्या बापाला असंच वाढलेलं. ह्यानं सांगितलं नाही तुला?"

"पण… ह्यात तांदूळच नाही," प्रांजली कशीबशी म्हणाली.

"मला शाविगेच लागलं. म्हणून तर हात आडवा धरला. तुला ठाऊक नसताना मी घेणार नाही."

तिने डाव पातेल्यात ठेवला आणि मागच्या गॅलरीत गेली. गिरीराज मागोमाग आला. बाहेर बुरबुर चालू होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"आणि मी डाव पुढे केला तेव्हा तू गप्प बसलास."

"भ्यालो," तो म्हणाला. "विचारलं असतं आणि तू पुन्हा 'छान' म्हणून पाणी पुसत बसली असतीस तर? वाटलं, आपोआप होतंय तर होऊ दे… चुकलं माझं."

"चुकलंच. अप्पांना जे कळलं ते तुला कळलं नाही." तिचा आवाज कापत होता, आणि त्याचा तिला रागही येत होता. "मला तू आवडतोस, गिरीराज. तुमकूरचं ऐकल्यापासून धड झोप नाही मला. पण माझा होकार कुणाच्या ताटात चुकून सांडलेला मला नकोय. तो मी देणार. कुणी विचारलं तर."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "विचारतो. माझ्याशी… लग्न करशील? आणि नाही म्हणालीस तरी मी तुमकूरला जात नाही. मन इथं ठेवून तिथं चहा पीत बसायचं मला जमायचं नाही. त्या मुलीलाही ते बरं नव्हे. हे आजच अप्पांना सांगतो."

प्रांजलीने ओढणीने डोळे पुसले आणि आत गेली. तो तिथेच उभा राहिला; आत जावं की नाही, त्याला समजेना.

अप्पा होते तसेच बसले होते, ताटावर हात आडवा धरून. तिने पातेल्यातला डाव उचलला, भरला, आणि त्यांच्यासमोर वाकली.

"हात काढा, अप्पा," ती म्हणाली. "आता मला ठाऊक आहे, मी काय वाढतेय."

विठोजींनी हात काढला.