दिव्याची पत

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या बोळात चार सायकल-दिवे शिकंज्यांत पकडलेले होते आणि शाल्मलीचं मन एकावरही बसत नव्हतं. नाशिकच्या या कारखान्यात दिवे तपासणं हे तिचं रोजचंच काम. पण आजचा दिवा तिच्या दहा वर्षांच्या लेकीसाठी, रेवासाठी हवा होता. थंडीत मल्लखांबाचा वर्ग सुटेपर्यंत अंधार पडायचा, आणि जुन्या मिणमिणत्या दिव्यामुळे पोरगी दोनदा खड्ड्यात आपटली होती.

पहिला दिवा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसत होता. दुसऱ्याचा झोत मध्ये झगझगीत आणि कडेला काळोख. खड्डे नेमके कडेलाच असतात. तिसरा तापला की मंदावायचा. चौथ्याचा प्रकाश मात्र सतरंजी अंथरावी तसा पसरला, वरची कड सुरीने कापल्यासारखी. त्र्यंबक रस्त्यावर शर्यतींचा सराव करणारे हाच लावत.

“घेऊन टाक गं,” गाड्यांची दृष्टियंत्रं बनवणाऱ्या वाहनदृष्टी विभागातली तिची मैत्रीण फरीदा मुजावर दारातून म्हणाली. “नवरा निवडायला एवढा वेळ लावला नव्हतास.”

“नवऱ्याला अंधारात एकट्याने गंगापूर रोडवरून यायचं नव्हतं.”

चौथा दिवा रेवाच्या सायकलला लागला, त्या पहिल्याच संध्याकाळी तिला राहवलं नाही. तिने एक स्वयंसारथी बोलावला. माणसाने चालवायच्या गाड्या शहरात औषधालाही उरल्या नव्हत्या. आपल्या आपण पाहणारे, शिकणारे हे स्वयंसारथीच आता सगळीकडे. वर्गाच्या वळणापुढे रेवाची सायकल दिसली. झोत छान पडत होता, पोरगी खड्डे चुकवत होती. शाल्मलीने पाठ टेकली, आणि तेवढ्यात ती बसली होती तीच गाडी वेग कमी न करता पुढे निघाली. काचेपलीकडून रेवाचं कोपर गेलं, जेमतेम हातभर अंतरावरून.

“हळू,” ती म्हणाली. गाडीने सौम्य आवाजात सांगितलं की अंतर पुरेसं आहे.

जुना दिवा होता तेव्हा याच गाड्या रेवाला पाहून अर्धा रस्ता सोडायच्या.

दुसऱ्या दिवशी चहाला हात न लावता ती फरीदासमोर बसली. “गाडीला रेवा दिसत नाही का?”

“दिसते. पण ती कशी चालवते, ते गाडीला दिवा सांगतो.” फरीदाने टेबलावरचा दिवा लावला. “हा सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो. आपल्या डोळ्याला नाही कळत, दृष्टियंत्राला कळतं. आणि दोन दिव्यांची लुकलुक कधी तंतोतंत सारखी नसते. त्याला आम्ही स्पंदठसा म्हणतो. माणसांचे चेहरे साठवायला गाड्यांना बंदी आहे, दिव्यांचे ठसे साठवायला नाही. मग हा दिवा सरळ जातो की भेलकांडतो, हे त्या लक्षात ठेवतात आणि एकमेकींना कळवतात. भेलकांडणाऱ्याला जास्त जागा, सरळ जाणाऱ्याला कमी.”

“पण दिवा तर नवा कोरा होता.”

“नव्या दिव्याला घराण्याची, म्हणजे त्याच बनावटीच्या बाकीच्या दिव्यांची, पत मिळते. हा घेतं कोण? घाट चढणारे गडी. तू पोरीला नुसता दिवा नाही दिलास, पैलवानाचं नाव दिलंस.”

“मग ती पत बदल ना तुझ्याकडून.”

“कुणालाच बदलता येत नाही. येत असतं तर तू त्या गाडीत विश्वासाने बसली असतीस का?” फरीदाचा आवाज मऊ झाला. “आणि रेवा सरळच चालवते गं.”

“रोज चालवते. एखाद्या दिवशी नाही चालवणार.”

जुना दिवा लावला तर खड्डे, नवा ठेवला तर गाड्या. बराच वेळ शाल्मली दिव्याचं बटण चालू-बंद करत होती.

“दिव्याचं स्वतःचं वागणं दिसत गेलं की घराण्याची पत मागे पडते ना?” तिने विचारलं. “मग याचं नाव खराब करायचं.”

“म्हणजे रेवाला भेलकांडायला लावणार?”

“रेवाला नाही. मला सायकल येत नाही.”

तोवर रेवाला वर्गाला पोचवणं-आणणं तिने स्वतःकडे घेतलं. मैत्रिणी हसतात म्हणून रेवाने तोंड फुगवलं. पण आईला सायकल शिकवायची म्हटल्यावर तिचा रुसवा पळाला. कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर स्वयंसारथी माणसं घ्यायला संथपणे ये-जा करत. तिथे सायकलला तोच दिवा लावून शाल्मली निघाली, मागे कॅरियर धरून रेवा.

“आई, चाकाकडे काय बघतेस? पुढे बघ.”

ती कुंपणाला धडकली, मेंदीच्या झुडपात गेली, कोपर सोलवटलं. फाटकाशी बसलेले पाठारेकाका म्हणाले, “वहिनी, हे आता कशाला?”

“हौस आहे काका,” ती धूळ झटकत म्हणाली. प्रत्येक पडण्यानंतर मागची गाडी लांबूनच थबकायची आणि तिला बरं वाटायचं. आठवडाभरात गाड्या तो दिवा दिसला की वळणापलीकडेच थांबायला लागल्या. इतका मान तिला सासरीही मिळाला नव्हता. आणखी थोडे दिवस, म्हणजे पक्कं होईल, असं म्हणत ती रोज निघत राहिली.

मग एका संध्याकाळी हॅण्डल हातात हलकं झालं. रस्ता नुसता मागे पडत होता. “धरलंयस ना?” तिने विचारलं.

“मी कधीच सोडलंय,” रेवाचा आवाज खूप मागून आला.

शाल्मली हसली. वारा कानांत शिरत होता. गुडघे आपले आपण फिरत होते. तसे ते गेले तीन-चार दिवस फिरत होते, हे तिला आत्ता उमगलं. त्याच वेळी मागून एक गाडी आली. थबकली नाही. तिच्या झुळकेने शाल्मलीचं कोपर शहारलं.

पडावं म्हणून तिने घाईने हॅण्डल डावीकडे मुरगळलं. अंग उजवीकडे कललं, चाक सरळ झालं. तिने उजवीकडे हिसका दिला. तोल पुन्हा सावरला. हा दिवा कसाही वळला तरी पडत नाही, हे मागची दुसरी गाडी पाहत होती, आणि बाकीच्यांना कळवत होती. ती पहिलीपेक्षाही जवळून गेली.

रेवा टाळ्या वाजवत धावत येत होती. “आता काळजी नाही आई. सायकल एकदा आली की जन्मभर जात नाही.”

शाल्मलीने आणखी एकदा, सगळा जोर लावून, हॅण्डल वळवलं. सायकल पडली नाही.