धिपाडचं कार्ड

हरिहरपंतांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. अठ्ठावन्न साली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, मेळघाटातल्या सेमाडोहचा शिक्का असलेलं ते कार्ड अकोटला त्यांच्या दारात पडलं.

'मास्तर, आमचा मुलूख तुमी बराबर लिवला. पन आमाले मला-तुला काहून बोलाले लावलं? आमी काय पुन्याचे हाओत?'

खाली 'धिपाडवाले' एवढंच. मजकूर पत्त्याशेजारच्या जागेत कोंबलेला. मागची सगळी बाजू शाईनं काळी.

धिपाड हा पंतांनीच कल्पिलेला मुलूख. मेळघाटच्याही वरचे डोंगर, आणि तिथं कंबरेला ढग अडावेत अशी, कोणाचीही मिंधी नसलेली माणसं. पंतांचं ते एकुलतं पुस्तक. लिहिताना ती माणसं त्यांच्या कानात वऱ्हाडीच बोलत. पुण्याचे लोक हसतील म्हणून पंतांनी छापण्याआधी सगळं बदललं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं टर उडवली असेल, असं म्हणून त्यांनी कार्ड कपाटात टाकलं होतं. "तुमच्या राक्षसानं दौत लवंडली वाटते," असं तेव्हा त्यांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या होत्या.

आता दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं टेबलावर होती. संवाद वऱ्हाडीत करू का, असं पंतांनी भीतभीत विचारलं होतं. तसं केल्यास आवृत्ती रद्द समजावी, असं प्रकाशकांचं उत्तर आलं. मुद्रितं आजच परत धाडायची होती.

पंतांनी कार्ड काढून खिडकीतल्या उन्हात धरलं.

दौत लवंडलेली नव्हती. काळ्यात रेघा होत्या, सुतळीएवढ्या जाड. सगळ्या एकाच अंगाला किंचित वळून कार्डाच्या काठाशी तुटलेल्या. पंतांनी शेजारी आपला अंगठा धरला. वळण तेच होतं. मधला भोवरा मात्र कार्डावर आलाच नव्हता.

ते मुद्रितं घेऊन तसेच पोस्टात गेले. टपाल लावणारा अय्युब पूर्वी सेमाडोहकडे डाक नेत असे. कार्ड पाहून त्यानं चष्मा काढला.

"अक्षर माह्यं हाये, मास्तर. बोलनं त्याईचं."

"आणि मागे?"

"अंगठा देतो म्हने. कार्ड लहान पडलं."

पंत बाकावर बसले. एकेक पान उलटत त्यांनी प्रत्येक 'मला' खोडून 'मले' केलं. पुस्तक हातचं जात होतं, तरी ते शेवटच्या पानापर्यंत गेले. मग त्यांनी कोरं कार्ड घेतलं.

'चूक माही होती. आता तुमचंच बोलनं छापीन, नाईतर छापनारच नाई.'

"वर कोण नेऊन देतं?" त्यांनी विचारलं.

अय्युब हळू म्हणाला, "वर कोनी जात नाई. थैली टेकडीवर ठेवाची अन् डोये मिटाचे. ते वाकत नाई, मास्तर. नुसता हात खाली आनते."

पंतांनी कार्ड पेटीत सोडलं.