बँकॉक, व्हाया पूर्णा

"एवढं मोठं वसमत पडलंय… ओढा हाय, मैदान हाय, कचेरीमागचा माळ हाय… आन तुला हितंच यिऊन मरायचं व्हतं का रं भाड्या?"

हळदीच्या पोत्यांच्या थप्पीमागं कुशावर्ता हळकुंडं निवडत बसली होती. तिचा हात थांबला. थप्पीच्या पलीकडं, अगदी हातभरावर, कोणीतरी कोणाला तरी दबक्या आवाजात झाडत होतं. आणि ज्याला झाडत होतं, तो गडी एक अक्षर उलटून बोलत नव्हता!

तिनं मान लांब करून पाहिलं. लांबलचक हातापायांचं एक पोरगं गुडघ्यावर बसलेलं. आणि त्याच्या पुढ्यात, निवडलेल्या हळदीच्या ढिगात निम्मा रुतलेला फुटबॉल… पिवळाधमक.

"मारून बघ," ती म्हणाली. "तवा बोलंल त्यो."

पोरगं असं दचकलं की थप्पीवरचं रिकामं पोतं त्याच्या डोक्यावर आलं. हळद घोळायचं पिंप तिकडं गरागरा फिरत होतं, सगळ्या आडतीत पिवळी धूळ तरंगत होती. पोतं बाजूला सारून तो उभा राहिला, तेव्हा भुवयांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत नवरदेव दिसत होता.

"हसून काहून राहिली?"

"हळद लागली म्हनून. वऱ्हाड कुठंशी हाय?"

त्यानं आपले हात पाहिले, मग तिचे. तिचे तर मनगटाच्या वरपर्यंत पिवळे.

"तुला बी लागली की," तो म्हणाला… आणि आपण काय बोललो हे उमगून, चेंडू छातीशी धरून, असा पळाला की बस्स!

कुशावर्तानं त्यानंतर जी हळद निवडली, त्यात गड्डे कुठं आणि हळकुंडं कुठं, याचा मेळ तिच्या मायला, जनकाबाईला, संध्याकाळपर्यंत लागला नाही.

त्याचं नाव तातेराव. एकोणीस वर्षांच्या पोराला असलं नाव! आमच्या भागात लेकरं आज्याचं नाव घेऊन जन्मतात आणि मग त्या नावाजोगतं म्हातारं व्हायच्या मागं लागतात. तातेरावला ते काही जमलं नव्हतं. पूर्णेला रेल्वे कॉलनीत मावशीकडं शिकायला ठेवलं, तर पोरगं शाळेपेक्षा मैदानात जास्त शिकून आलं. रेल्वेच्या लोकांनी त्याला गोलकीपर केलं होतं.

पुढं तो चेंडू आडतीत वरचेवर येऊ लागला. वारा असो, नसो.

"आज बी वाऱ्यानं आला का?" कुशावर्ता विचारायची.

"व्हय. वारं लई हाय मैदानात."

"हितं तर पान हालून न्हाई राहिलं."

"तुमची आडत खाली हाय. वारं वरून जातंय."

जनकाबाई ओठात पदर धरून हसायची आणि हळूच पाठ फिरवायची. निवडणाऱ्या बायांना तेवढ्यात नेमकी तहान लागायची. सगळ्या आडतीला ठाऊक झालं होतं. पण तोंडानं कोणी काढत नव्हतं, कारण कुशावर्ताचा बाप होता शेषराव मुकादम. हमालांचा मुकादम. हमाल म्हणायचे, ह्याला दात हायत का न्हाई ते आमी आजून पाह्यलं न्हाई.

"पर तू करतो काय नेमकं?" एकदा तिनं विचारलं. "समदे पळतेत. तू त दोन बांबूंच्या मधी हुबा."

"आलेला चेंडू सोडायचा न्हाई. बास, एवढंच काम."

"आन चेंडू न्हाई आला त?"

"वाट पाह्याची." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "मला जमतंय ते."

तिनं खाली मान घातली, आणि हसू लपवायला जागा नव्हती म्हणून सूप तोंडापुढं धरलं.

त्यानंच तिला देशाच्या पोरांच्या संघाची गोष्ट सांगितली. सगळ्या आशिया खंडातली वीस वर्षांच्या आतली पोरं दरसाली एका देशात जमतात. आपलीही पोरं गेलेली आहेत. खेळलीत, झुंजलीत… पण कप आजवर कधी घरी आला नाही. हे सांगताना त्याचे डोळे असे लकाकायचे, जणू तो कप कोणी ह्याच्याच घरातून उचलून नेला होता. यंदा स्पर्धा बँकॉकला भरणार होती.

"कुठंशी आलं ते?"

"हैदराबादच्या लई पुढं."

आणि रेल्वेच्या लोकांनी नाव धाडलं होतं, होळीनंतर खरंच बोलावणं आलं, संघ निवडायच्या शिबिराचं. वसमत स्टेशनावर पुनमचंदशेठनं, म्हणजे आडतीच्या मालकानं, स्वतः हार घातला. गर्दीत कुशावर्ता मायच्या मागं उभी. गाडीनं शिट्टी दिली तसा तो गर्दी कापत आला. पाणी मागायचं निमित्त करून तिच्यापुढं ओंजळ धरली, तिनं हातातला लोटा वाकवला.

"संघात घेतलं की पह्यलं काम," तो हळूच म्हणाला, "तुझ्या बाला इचारतो."

"काय इचारतो?"

"तुला ठाऊक हाय."

"मला काय बी ठाऊक न्हाई. आन संघात न्हाई घेतलं त?"

ओंजळीतलं पाणी गळून गेलं. गाडी हलली. तो पळत सुटला… आणि तिचा प्रश्न फलाटावर तसाच राहिला.

तो गेला, आणि इकडं आखाडा बाळापूरचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत शिपाई, पक्की नोकरी, वर सायकल. शेषराव मुकादमानं कुशावर्ताला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चार दिवस घरात भांडी तेवढी जोरात वाजली.

मग चौऱ्याहत्तरचा एप्रिल सरता सरता ती बातमी आली!

पुनमचंदशेठच्या गादीवर चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर. भोवती हमाल, आडते, निवडणाऱ्या बाया. खर्रर… खर्रर… आणि बातम्या देणाऱ्या बाईचा शांत आवाज. बँकॉक… युवा फुटबॉल… भारत आणि इराण यांची दोन-दोन बरोबरी… दोघेही संयुक्त विजेते.

क्षणभर कोणाला कळेचना.

"मंजे जितलो का हारलो?" एका हमालानं विचारलं.

"जितलो! कप वाटून भेटला!"

"वाटून का हुईना, भेटला ना!"

आणि मग आडत फुटली. पोती थोपटली, सुपं वाजवली, घोळायच्या पिंपावर कोणी काठी हाणली. पिवळी धूळ उडून सगळं आभाळ हळदीचं झालं. कोणीतरी ओरडलं, "आपल्या तातेरावनं कप आणला!" रेडिओवर तातेरावचं नाव आलं का, हे विचारायला कोणाला सवड होती? शिबिराला गेला तो संघात गेला, संघात गेला तो बँकॉकला गेला. वसमतचा हिशोब सरळ असतो.

कुशावर्ता नाचली नाही. ती मनाशी गोल मोजत होती. इराणसंगं दोन-दोन! म्हणजे ह्याच्या हातून दोन सुटले, मनातल्या मनात तिनं त्याला रागावूनसुद्धा घेतलं.

त्याच संध्याकाळी शेषराव मुकादम भाकरी मोडता मोडता म्हणाला, "बाळापूरवाल्यास्नी सांगतो, थांबा म्हनून."

ती चुलीकडं तोंड करून बसली. धूर नव्हता, तरी डोळे पुसले.

आठवडाभर वसमतला दुसरा विषय नव्हता. मिरवणूक ठरली, हलगीवाले ठरले. एक गोष्ट मात्र तिला नवलाची वाटायची. पुनमचंदशेठ नांदेडहून परतला आणि दोन दिवस मिरवणुकीचं नाव काढीना. मग एकदम दुप्पट हौसेनं कामाला लागला. न्हावी परभणीहून आला, तोही तसाच गप्प. तिचा बाप पूर्णेला वॅगन भरायच्या कामाला जाऊन आला आणि घरी चहाचा कप समोर आला तर म्हणाला, "नको. आज लई झाला."

मग मायबरोबर तीच निघाली. परभणीला आत्याच्या नातवाचं बारसं होतं, म्हणजे पूर्णेला गाडी बदलायची. पूर्णा जंक्शनचं ऊन, कोळशाचा वास, चार दिशांची माणसं. "च्याय… गरम च्याय…" अशी आरोळी जवळ आली. कुशावर्तानं मान वळवली.

एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांचा ट्रे… आणि वर तातेराव.

तो थांबला. आरोळी अर्ध्यात तुटली.

"बँकॉकहून कधी आला?" तिनं विचारलं.

"कुशे…"

"गाडी हितं बदलती का बँकॉकची?"

तिची माय तेवढ्यात लोटा घेऊन नळाकडं चालती झाली. लोटा तिचा भरलेला होता, पण हे कुशावर्ताच्या ध्यानात मागाहून आलं.

"शिबिरातूनच माघारी धाडलं मला," तो किटलीकडं बघत म्हणाला. "दुसरा गोलकीपर व्हता. माझ्याहून चांगला. कुशे, लई चांगला! वरचा चेंडू असा घ्यायचा की… मीच बघत राह्यचो. वशिला न्हाई, काय न्हाई. बराबर केलं त्यांनी."

"मंग घरी काहून न्हाई आला?"

"हार घालून धाडलं व्हतं मला. कोणत्या तोंडानं येऊ? मावशीकडं उतरलो, म्हनलं थोडं दिवस जाऊ दे… तवर कप आला. कॅन्टीनात रेडिओ व्हता. म्या तर किटली सोडून नाचलो! आन मंग उमगलं. आता वसमत माझी वाट पाहून राह्यलं असंल."

"लपायला जागा कोणती काढली? पूर्णा! आर, अख्खं वसमत हितं गाडी बदलतंय!"

"मान खाली घालून देतो मी चा. कोणी वळखत न्हाई."

तिला हसू आलं, त्याचा राग आला, आणि दोन्ही मिळून डोळ्यांत पाणी आलं.

"रविवारी मिरवणूक हाय. ये."

"तुझ्या बाला काय सांगू? म्या म्हनलं व्हतं, संघात घेतलं तर…"

"ते तू म्हनलं व्हतंस. म्या न्हाई." तिनं ट्रेमधला एक कप उचलला, स्वतःच्या हातानं चहा ओतून घेतला, आणि त्याच्या डोळ्यांत बघत एका दमात संपवला. "कोणत्या तोंडानं म्हनतो ना? हेच घिऊन ये. दुसरं कुठं हाय तुझ्यापाशी?"

परभणीची गाडी लागली. बारशात बाळाचं नाव काय ठेवलं, हे ती आजही सांगू शकत नाही.

रविवारी दुपारच्या गाडीनं तो आला. हलगी कडाडली, हार पडले, बायांनी घराघरातून ओवाळलं. तातेरावचा चेहरा मात्र फाशीच्या दोराकडं चालल्यासारखा. बाजारात दोन बैलगाड्या जोडून मंच केला होता. पुनमचंदशेठनं घसा साफ केला. "आता… आपले तातेराव… दोन शब्द बोलतील." आणि का कोण जाणे, शेठ चटकन खाली बघू लागला.

कुशावर्ता बायांच्या पुढच्या रांगेत बसलेली. दोन्ही मुठी पदरात घट्ट. पळतो का बोलतो? बोलला तर बाळापूरची सायकल उद्या दारात. आणि न बोलला तर… तर तो तिचा तातेरावच नव्हे.

त्यानं गळ्यातले हार काढले. नीट गाडीच्या कठड्यावर ठेवले.

"मी बँकॉकला गेलोच न्हाई," तो म्हणाला. "संघात मला घेतलंच न्हाई. माझ्याहून चांगला गडी व्हता, त्यो गेला. कप त्यांचा हाय. मी पूर्णेला व्हतो. चा इकत व्हतो."

हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला.

मग पुनमचंदशेठ खाकरला. "ते… ठाऊक हाय मला."

"काय?"

"नांदेडला जाताना तूच दिला की चा. साखर कमी व्हती."

"मला बी दिला," न्हावी मागून म्हणाला. "परभणीला जाताना एक, येताना एक."

"आर, म्या तर मुद्दाम उतरून पेलो!"

"आन मी काय सोडला व्हय?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "तुला ठाऊक व्हतं? मंग बोलला काहून न्हाईस?" "तू काहून न्हाई बोललास?" आणि मग जो हशा उसळला! बाजूला बांधलेले बैल बुजले, हलगी आपोआप वाजायला लागली.

"बोलायचं कसं?" जनकाबाई डोळे पुसत म्हणाली. "लाजून लेकरू आनखी लांब गेलं असतं त? पूर्णेला निदान डोळ्याला दिसत तरी व्हतं."

"मंग ही मिरवणूक कशाची?" तातेरावनं विचारलं.

"आर, कप तर आला ना देशात?" शेठ म्हणाला. "का ते बी खोटं?"

तेवढ्यात गर्दी दुभंगली. शेषराव मुकादम मंचापाशी आला. हशा जागच्या जागी विझला.

"मी बी पेलो तुझ्या हातचा चा," तो म्हणाला. "तू मान वर केली न्हाईस."

"भ्यालो, मुकादम."

"बराबर. आज न्हाई भ्यालास, ते पाह्यलं म्या." मुकादमानं सगळ्या बाजारावर नजर फिरवली. "समद्यांचं बोलून झालं. पर आनखी एक गोष्ट हाय. ती बी समद्या वसमतला ठाऊक हाय, मला सोडून… आसं तुमाला वाटतंय. कोणी बोलतंय का?"

बाया आभाळाकडं बघायला लागल्या. हमाल आपापल्या अंगठ्याकडं. तातेरावचं तोंड उघडलं… मिटलं… पुन्हा उघडलं. एवढा मोठा चेंडू समोरून येतोय आणि गड्याचे हात काही वर होईनात!

कुशावर्ता उठली. पदर खोचला. तिचा आवाज शेवटच्या हमालापर्यंत खणखणीत गेला.

"बा, मला तातेराव आवडतो. लगीन करीन तर ह्याच्याशीच."